कोअर यार्डातल्या बाई

बाई दोह्याला आल्या तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या होत्या. साताऱ्यात एकटीनं राहणं जमेना, म्हणून मुलानं त्यांना अल हिलाल भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं होतं. कॉलेजात भूशास्त्र मी त्यांच्याकडेच शिकले. त्याच जोरावर गेली अकरा वर्षं मी इथल्या एका कंपनीत बोअरमधून निघालेला दगड तपासते. इमारतीच्या पायाखाली काय आहे ते बघायचं आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक बोअरच्या नोंदीत, लिहायचं, हेच काम.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी मुंतझामधल्या माझ्या घरून त्यांच्याकडे जायचे. खरं सांगायचं तर कंटाळा यायचा. आठवडाभर उन्हात उभं राहून अंग आंबलेलं असायचं. पण नातवंडं इंग्रजीतच उत्तरं द्यायची, त्यामुळे बाईंना बोलायला मीच होते.

त्या सांगायच्या ते त्यांच्या पहिल्या नोकरीचं. खडकांची पाहणी करणाऱ्या त्यांच्या सरकारी खात्यात त्यांच्याआधी बाईमाणूस कोणी नव्हतं. कॅम्पवर बायकांची सोय नाही, असं साहेबांनी सांगितल्यावर त्यांनी आपल्या विधवा मावशीला सोबत नेलं आणि शाळांच्या पडव्यांत मुक्काम केले. तीन हिवाळे पायी हिंडून एका आख्ख्या तालुक्याच्या खडकांचा नकाशा काढला. तो छापून आला तो साहेबांच्या नावानं. मग बाईंनी नोकरी सोडली आणि शिकवायला लागल्या. हे सगळं त्या अगदी सपाट आवाजात सांगायच्या.

इथला दगड बघायची त्यांना फार इच्छा होती. उन्हाळा आहे, परवानगी लागते, असं सांगत मी महिनोन्‌महिने टाळलं. शेवटी डिसेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी त्यांना आमच्या कोअर यार्डात, बोअरमधले दगड ठेवतात तिथे, नेलं. वॉचमननं खुर्ची दिली, पेट्यांची झाकणं काढली. लांबट पेट्यांमध्ये पांढरट चुनखडीचे दंडगोल ओळीनं मांडलेले होते. बाईंनी बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं, भिंग लावलं आणि एकेक पेटी बघत गेल्या. मग माझा लॉग मागितला.

एका बोअरच्या चार पेट्यांच्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे तू बघून लिहिलंस?"

मी नाही म्हणाले. त्या आठवड्यात कामाचा ढीग होता. शेजारच्या बोअरचं वर्णन मी तसंच उतरवून काढलं होतं. पेट्या उघडल्याही नव्हत्या.

तिसऱ्या पेटीत हातभर दगड गायब होता आणि कडांना तपकिरी चिखल चिकटलेला होता. खाली पोकळी होती, हे पहिल्या वर्षाच्या मुलानंही ओळखलं असतं. आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. बाई भिंग पुसत राहिल्या.

"शेवटच्या हिवाळ्यात दोन गावं मी न जाताच नकाशात रंगवली होती," त्या म्हणाल्या. "पाय उचलत नव्हते. नकाशावर माझं नाव नव्हतं, म्हणून मला कोणी विचारलं नाही. नोकरी मी त्यापायी सोडली गं. नावापायी नाही."

त्यांना थंडी वाजत होती. मी त्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी चारही पेट्या नीट बघून मी नवा लॉग लिहिला आणि मॅनेजरला खरं काय ते सांगितलं. रिपोर्ट क्लायंटकडे गेलेला होता. मॅनेजर वैतागला, मग म्हणाला, खलास, झालं ते झालं, रिवाइज करून पाठव. आणखी एक बोअर घेतलं तेव्हा पोकळी अंदाजापेक्षा मोठी निघाली. ती सिमेंटनं भरून घेतली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि काम पहिल्यासारखं सुरू झालं. पेट्या मात्र मी आता उघडते.

बाईंना इथे करमलं नाही. मार्चमध्ये साताऱ्यात सोबतीला माणूस बघून मुलगा त्यांना परत सोडायला निघाला, तेव्हा मी ड्यूटीवरून तशीच एअरपोर्टवर गेले. व्हीलचेअरमध्ये त्यांचा डोळा लागला होता. मुलगा उठवू का म्हणाला. मी नको म्हटलं आणि आत जाईपर्यंत त्यांच्याजवळ उभी राहिले.