बाभळीच्या गाठीत अडकलेली सुरी

ती सुरी मी मोबाइलवरून मागवली होती. चामड्याचं म्यान, वीतभर लांब जाड पातं, काळी मूठ. धुळ्यात देवपूरला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दिवसभर ऑफिसात फायली सरकवणाऱ्या माणसाला असली सुरी लागते कशाला, हे बायकोनं तेव्हाच विचारलं होतं. शेतात कामाला येईल, म्हणालो. व्हिडिओत एक जण तसल्याच सुरीनं ओंडका फोडत होता. ते मी चारदा पाहिलं होतं.

शेत शिंदखेड्याकडे. तिथं नाना, म्हणजे माझे वडील, एकटेच राहायचे. आई गेल्यावरही ते आमच्याकडे यायला तयार नव्हते आणि कारण एकच, म्हैस. तिची माय ती पारडी असतानाच मेली, तेव्हा आईनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. आईच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. नाना माझ्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलायचे.

थंडीत आम्ही भरीत करायला शेतात गेलो. वांगी भाजायला नानांनी पऱ्हाट्यांचा ढीग रचून ठेवला होता. कपाशीच्या त्या काड्यांचा जाळ भरिताला पुरतो, हे खानदेशात शेंबडं पोरही सांगेल. पण मला सुरी मिरवायची होती ना. बाभळीचा वाळका ओंडका उभा केला, सुरी वर धरली आणि दगडानं ठोकत सुटलो. पातं गाठीत अडकलं. मग ते आडवंतिडवं हिसकलं.

"कुऱ्हाड शे ना झोपडीमा," नाना म्हणाले. "सुरीले कसाले बडवस?"

"नाना, ही साधी सुरी नाही," मी म्हणालो.

मूठ हलायला लागली होती. मला कळलं होतं, तरी सुरी म्यानात घालून कमरेला लावली.

वांगी सोलायला बसलो तेव्हा नाल्याकडून घुसमटलेला आवाज आला. धावत गेलो. म्हैस हिरव्या गवतासाठी काठावर गेली असावी, दरड खचून ती खाली घसरली होती. गळ्यातला नायलॉनचा दोर वर लिंबाला बांधलेला. मागचे पाय चिखलात निसटत होते आणि अंगाचं सारं ओझं गळ्यावर. दोर इतका ताणलेला, की गाठीत नखसुद्धा शिरेना.

"आधी कुऱ्हाड आणा," बायको म्हणाली.

"सुरी आहे ना," मी तिच्यावर खेकसलो.

दोराला पातं लावून रेटलं. दोन-चार पदर तुटले. पुढच्या रेट्याला पातं मुठीतून उखडलं आणि खाली नाल्यात पडलं. हातात नुसती मूठ. आता तरी माणसानं झोपडीकडे पळावं की नाही? अक्कल गहाण पडली होती माझी. मी खाली उतरलो आणि चिखलात पातं शोधत बसलो. म्हशीचे डोळे हातभर अंतरावर होते, जीभ बाहेर आली होती. मी चिखल चिवडत होतो, थांब माय, थांब माय म्हणत होतो, आणि रडत होतो.

कुऱ्हाड नानांनी आणली. एरवी गुडघे धरून चालणारा माणूस ढेकळांतून पळत आला. "सरक," म्हणाले आणि एका घावात दोर तोडला. म्हैस चिखलात कोसळली, ती उठलीच नाही. नाना खाली येऊन तिच्या मानेत रुतलेला दोर सोडवत राहिले. मेली आहे हे त्यांनाही दिसत होतं.

आता नाना देवपूरलाच असतात. शेतात राहायला कारण उरलं नाही. आल्यागेल्याला सांगतात, दरड खचली. सुरीचं नाव काढत नाहीत. एकदा तरी त्यांनी मला धरून झोडपावं असं वाटतं. ते झोडपत नाहीत.

पातं त्यांनीच दुसऱ्या दिवशी चिखलातून शोधून आणलं होतं. मी ते पिशवीत घालून पांझरा नदीत टाकायला निघालो, तर दारातच अडवलं.

"तिले कसाले फेकस? तिनी काय चूक?"

सुताराकडून त्यांनी तिला लाकडी मूठ बसवून आणली. रोज दुपारी तिनं पेरू कापतात आणि पहिली फोड माझ्यापुढे धरतात. ती मला खावी लागते.