रेवाचे उपवास

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नाही ओळखत तेच बरं.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागात राहतो. गोष्ट २०१४ची. लेक रेवा तेव्हा सोळाची. इथेच वाढलेली, मी मराठीत ओरडायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर. आणि ही पोरगी त्या वर्षी एकदम म्हणते, "आई, आय वॉन्ट टू डू श्रावणी सोमवार."

अहो, मला आकाश ठेंगणं झालं! इथल्या पोरांना श्रावण कशाशी खातात तेही ठाऊक नसतं. इथे तो ऐन थंडीत येतो, बाहेर बोचरा वारा, आणि माझी लेक सोमवार धरतेय! इथल्या मराठी मंडळात मी काय मिरवलं म्हणून सांगू. सोमवाराच्या जोडीला गुरुवार आला, मग चतुर्थी, मग शनिवार. बायका म्हणायच्या, "कित्ती बारीक झालीय गं, आम्हालाही सांग की काय करते ते!" आणि मी हसायचे. हसायचे हो मी.

आता मला सांगा, आपल्याकडे उपवास म्हणजे काय असतो? एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, वर दाण्याची आमटी. आमच्या घरी उपवासाच्या दुपारी सगळे सुस्तावून आडवे व्हायचे. रेवा यातलं काहीच खात नव्हती. खिचडी चमच्याने इकडची तिकडे करायची. संध्याकाळी उपवास सोडायच्या वेळी तिला नेमकी असाइनमेंट आठवायची. एकदा तिच्या कपाटात, स्वेटरच्या घडीत, टिश्यूत गुंडाळलेली खिचडी मिळाली मला. वाळून खडखडीत झालेली. मी ती कचऱ्यात टाकली आणि गप्प बसले. जन्मभर उपवास केलेल्या बाईला कळत नाही का, उपवास कुठला आणि हे कुठलं?

कळलं होतं. मला कळलं होतं.

मग शाळेतून फोन आला. मुलगी सारखी गारठलेली असते, डबा उघडत नाही, डॉक्टरांना दाखवा. नेलं. डॉक्टरबाई मऊ बोलणारी, "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून छान हसली. नर्स रेवाला ब्लड प्रेशर बघायला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. मग डॉक्टरबाईने दार लावलं आणि मला विचारलं — घरी जेवते का ती? तुम्हाला काही काळजी वाटते का?

एवढंच. समोर बाई मदत करायला बसलीय, मला फक्त "हो" म्हणायचं होतं. आणि मी —

"शी इज फास्टिंग," मी म्हणाले. "इट्स अवर रिलिजन. व्हेरी नॉर्मल फॉर अस."

आणि पुढचं सांगू? तिनेच माझी माफी मागितली! तुमच्या चालीरीती मला पुरेशा माहीत नाहीत, राग मानू नका, म्हणाली. इथली माणसं दुसऱ्याच्या रीतींना फार जपतात. मला माहीत होतं ते. म्हणून तर बोलले. देव मध्ये घातला की कोण पुढे विचारतंय? पोरीला मनाचा आजार आहे म्हणतील, मंडळात कुजबुज होईल, हे माझ्या डोक्यात. रेवा? ती नव्हती डोक्यात.

घटस्थापनेच्या आठवड्यात ती शाळेच्या जिन्यात कोसळली. हॉस्पिटलात तिचे एकावर एक चढवलेले स्वेटर काढले, आणि मी तिचे दंड बघितले. आई गं! माझ्या पोटची पोर, एका घरात राहणारी, आणि हे मी बघितलं नव्हतं? हृदयाचे ठोके मंद पडलेत, जिवाला धोका आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. नवरा भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "आपल्या कसं लक्षात आलं नाही गं?"

मी म्हणाले, "खरंच रे."

मग शिकले सगळं. हा नखरा नाही, हट्ट नाही, बारीक दिसायची हौस नाही. घास उचलला की आतून कुणीतरी खेकसतं तिच्यावर, आणि ती भीती खरी असते. आपल्या ओरडण्याने, शपथा घालण्याने ती जात नाही. ताट आम्ही वाढायचं, शेजारी बसून स्वतःही जेवायचं. किती खाल्लंस, कशी दिसतेस, अवाक्षर काढायचं नाही. शेजाऱ्यांच्या मांजराबद्दल बोलायचं. वाटीभर वरणभाताला दुपार सरायची. ती रडायची, ताट ढकलायची, मला नाही नाही ते बोलायची. मी बसून राहायचे. माझे सगळे उपवास मी सोडले. लोक म्हणायचे, आई असावी तर अशी. तेही मी ऐकून घेतलं.

हळूहळू सावरली. मध्ये एकदा परत घसरली, पुन्हा उठली. आता ती क्राइस्टचर्चला नोकरी करते. गेल्या नाताळात घरी आली होती. ओट्याशी उभ्याने पोहे खाता खाता मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, सॉरी. मी उपासाचं खोटं बोलले तुला. त्या दिवशी नर्सच्या रूममध्ये मी वाट बघत होते, की डॉक्टर येईल आणि मला पकडेल. मला पाहिजे होतं तिने पकडायला. पण मी इतकी चांगली लायर होते ना, तिला पण नाही कळलं."

वाट बघत होती. भिंतीच्या पलीकडे. आणि अलीकडे मी होते!

तोंड उघडलं मी. शब्द अगदी ओठांवर आले होते. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे गं. मी तुला केव्हाच माफ केलंय."

तिने डोळे पुसले, आणि मला थँक्यू म्हणाली.