बाराव्या ओळीपर्यंत

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून. विसाव्या वर्षी ती कॉलेजच्या वसतिगृहात आजारी पडली. नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, जेवण सुटलं. दोन महिने दवाखान्यात काढले आणि मग वर्षभर घरातल्या एका खोलीत. डॉक्टरांनी अशा आजारातून सावरणाऱ्यांच्या एका केंद्राचा पत्ता दिला. पोस्टामागच्या तीन खोल्या, तिच्याच वयाची दहा मुलंमुली. केंद्र चालवणाऱ्या ताई स्वतः कधीकाळी याच आजारातून उठलेल्या.

तिला पोहोचवायला मी जायचो. मी चाळीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणल्या आहेत. तिथे मुलं कोरड्या पट्ट्यांनी खुर्ची विणताना पाहिली आणि राहवलं नाही.

"अरे, वेत आधी भिजवायचा असतो!"

ताई म्हणाल्या, "मग तुम्हीच शिकवा."

तेव्हापासून शिकवतो आहे. खोटं कौतुक मी करत नाही. ओळ वाकडी तर वाकडी. भिंगरीला ते आवडायचं. म्हणायची, "काका, बाकीचे सगळे छान छान म्हणतात. मला कळतं ना, छान नाहीये ते."

केंद्राचा एक नियम होता. कुणी आलं नाही, तर त्याचं अर्धं काम तसंच ठेवायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मला तो नियम आळशी लोकांनी केलेला वाटे.

मग भिंगरीचे वाईट दिवस आले. नऊ दिवस ती आली नाही. तिची अर्धवट खुर्ची रोज माझ्या डोळ्यांत खुपायची. नवव्या दिवशी ताई बाहेर गेल्या होत्या. मी बसलो आणि दुपारभरात खुर्ची पुरी केली. पोरगी खूश होईल, असं वाटलं.

दहाव्या दिवशी ती आली. खुर्चीकडे पाहून एवढंच म्हणाली, "झाली की माझ्याशिवाय." चपला घालून निघून गेली. पुढचे दोन आठवडे खोलीचं दार बंद.

भाऊ भडकला. "दादा, तुझ्या हातांना खाज सुटते आणि भोगते माझी लेक!"

खरं होतं. वर्षभराने कुठे ती घराबाहेर पडली होती, आणि मी तिला परत आत ढकललं होतं.

मी खुर्ची उचलून भावाच्या घरी नेली. तिच्या खोलीसमोर बसलो, वीण ओल्या फडक्याने भिजवली आणि एकेक आडवी ओळ उसवू लागलो. स्वतःचं चांगलं काम उसवायला जिवावर येतं. तासाभराने दार किलकिलं झालं.

"कुठपर्यंत उसवणार?"

"अकराव्या ओळीपर्यंत. बारावीपासून पुढे माझं काम."

"बारावी अर्धी माझी आहे."

"उगाच काहीतरी. बारावी सरळ आहे."

"म्हणजे मला सरळ जमतच नाही का?"

मी चष्मा लावून पाहिलं. अर्ध्यावर विणीचा ताण बदलत होता. अर्धी ओळ तिचीच होती, आणि ती सरळ होती. चाळीस वर्षं विणणारा कारागीर मी, तरी मला ते ओळखू आलं नव्हतं.

"चुकलो," मी म्हणालो आणि बरोबर तिथे थांबलो.

"बघू," म्हणत ती बाहेर आली. माझ्याशेजारी बसून तिने सुटलेलं टोक हातात घेतलं.

सोमवारी ती केंद्रात आली. खुर्चीला तिने सोळा दिवस घेतले. दोन ओळी ढिल्या होत्या, मी सांगितलं, तिने स्वतः उसवून पुन्हा घातल्या. त्या तीन खोल्यांनी आमची पोरगी आम्हाला परत दिली. मलाही अडुसष्टाव्या वर्षी हात आवरायला शिकवलं. ताईंचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातात झाडू दिला.

आता भिंगरी आठवड्यातून चार दिवस एका दुकानात खुर्च्या विणते. वाईट दिवस अजून येतात. कामाच्या पहिल्याच दिवशी दुकानदाराचा मला फोन आला होता.

"मिस्त्री, तुमची पुतणी म्हणते, मी नसले तर माझी खुर्ची कुणी पुरी करायची नाही. ही कसली अट?"

"मान्य करा," मी म्हणालो. "वीण घट्ट असते तिची."