याहून जुनी गाडी दाखवा

सोमवारी सकाळी बाबा गेले. बुधवारी त्यांची स्कूटर सुरू झाली नाही.

आमच्या बोरी अरबच्या मेकॅनिकने ती तपासली, हात पुसले आणि माझ्याकडे न पाहता मान हलवली. सोमवारी डॉक्टरांनी अशीच हलवली होती.

घरात आई आणि मी उरलो. मी दारव्ह्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. म्हणजे स्वतः बोलायचं नाही आणि दुसऱ्यांनाही बोलू द्यायचं नाही, याचा मला पगार मिळतो. माझ्या या गप्प स्वभावावर आई आयुष्यभर चिडत आली. आता तीच माझ्याहून गप्प झाली. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली ती बसलीच. अंगणातल्या नळापर्यंतसुद्धा येईना.

यावर आमच्याकडे एक रीत आहे. नवरा गेला की बाईला तिचा भाऊ न्यायला येतो. तिने उंबरठा ओलांडायचा तो माहेरी जायला. एकदा जाऊन आली की मग कुठेही जायला मोकळी. पण मामाच्या गुडघ्यांनी संप केला होता. तो महागावच्या पुढे टेकड्यांत राहतो. त्याने फोनवरच तोडगा काढला.

"भाच्या, तूच घेऊन ये बाईले. भाचा म्हंजे मीच समज."

प्रश्न मिटला असता. पण आमच्या शेजारी कुसुमकाकू राहतात. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको आणि आमच्या घराण्याचं सर्वोच्च न्यायालय.

"नेतं त ने," काकू म्हणाल्या, "पण मधात कोठीच पाय टेकवायचा नाई. आपल्या ओट्यावरून उठायचं, थेट भावाच्या दारात उतरायचं."

"हे कुठे लिहिलंय, काकू?"

"तुह्या पुस्तकात नसन. माह्या तोंडात हाये!"

मी लायब्ररीत शोधलं. खरंच नव्हतं. आणि काकूंच्या तोंडात अजून बरंच शिल्लक होतं. वर्ष होईपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही, हा दुसरा निकाल त्यांनी त्याच दमात दिला.

आता एसटीने जायचं तर दोन-तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते, पाय टेकणारच. बंद गाडीत आईला दारव्हा येईपर्यंतच मळमळतं. शिवाय फाट्यापासून मामाच्या गावापर्यंतच्या रस्त्यावर गिट्टी टाकलेली आहे आणि टाकणारे ती विसरून गेले आहेत. मध्ये नाला आहे. एका जीपवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, जीप माही हाये, सरकारची नाई."

मला अडचण आली की मी वाचतो. (अडचण सुटत नाही, पण वेळ बरा जातो.) वाचता वाचता मला अॅडव्हेंचर टूरिंग नावाच्या मोटरसायकलींचा शोध लागला. उंच, दणकट, डोंगर चढणाऱ्या, नद्या ओलांडणाऱ्या! फोटोतल्या एकाही गाडीवर मागे कोणाची आई बसलेली नव्हती, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

मी आईला बेत सांगितला.

"कोण चालवन?" तिने विचारलं.

"मी."

तिने कित्येक दिवसांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, "बरं." तेरवीनंतर तिने कशालाही 'बरं' म्हटलं नव्हतं. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

माझ्या पगारात अशा नव्या गाडीचं पुढचं चाक आलं असतं. तेव्हा जुनीच घ्यायची होती, आणि काकूंच्या निकालाप्रमाणेही जुनीच चालणार होती. पगार आणि शास्त्र यांचं असं एकमत मी प्रथमच पाहिलं.

पांढरकवड्याला हायवेवर सलीमभाईंचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. रविवारी मी तिथे जायला निघालो, तर एसटी स्टॉपवर काकू पिशवी घेऊन आधीच उभ्या!

"तुम्ही कशाला, काकू?"

"तू पुस्तक पाहून घेशीन. गाडी पाह्यले कोणी पायजे का नाई?"

मी पुष्कळ तयारी करून गेलो होतो. जमिनीपासून इंजिनाची उंची, पुढच्या शॉकअपची ताकद, टाकीत पेट्रोल किती मावतं, सगळं पाठ होतं. सलीमभाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साब, ये वाली लडाख जाके आयी है." त्यांच्याकडची प्रत्येक गाडी लडाखला जाऊन आलेली होती. पांढरकवडा आणि लडाख यांच्या मध्ये एवढी वर्दळ असेल याची मला कल्पना नव्हती.

मग त्यांनी एका गाडीवरचं कापड जादूगारासारखं ओढलं. काळी, चकचकीत, माझ्या बजेटच्या काठावर उभी. मी मनात म्हटलं, हीच!

"काकू, देखो! एकदम नवी! शोरूमची वाटते का नाई?"

काकूंनी टाकीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. धूळ नव्हती.

"हौ. नवी हाये."

"मी काय म्हनतो!"

"मंग नाई पायजे."

सलीमभाईंचा हात कापडासकट हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"काकू, नवी म्हंजे... तशी जुनीच हाये जी! फक्त दिसते नवी!" सलीमभाई सावरून म्हणाले.

"दिसते नं? लोकं दिसते तेच पाह्यतेत. वर्स नाई झालं घरात. उद्या जावा-नणंदा म्हनतीन, थोरला दीर गेला न् हिनं नवी गाडी आनू देल्ली. याच्याहून जुनी दाखवा."

दुसरी गाडी लाल होती. तिच्या आरशात काकूंना स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला; तीही बाद. तिसरीची सीट नवी शिवलेली होती. बाद! माझ्या डोळ्यांसमोर एकेक उत्तम इंजिन नापास होत होतं आणि पाठ केलेल्या माहितीतलं एकही वाक्य कुठे लागू पडत नव्हतं.

पण सलीमभाई हाडाचे व्यापारी. वारा कुठून येतोय ते त्यांना कळलं. ते आम्हाला दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे ओट्याला टेकून एक गाडी उभी होती. तिचा मूळ रंग कोणता असावा यावर मतभेद होऊ शकले असते.

"ये देखो काकू!" सलीमभाईंचा आवाज चढला. "टाकीले पोचा! एक नाई, दोन्ही बाजूनं! हा आरसा फुटेल हाय. सायलेन्सर पे जंग देखो, असली जंग हाय, पेंट नाई मारला! सीट फाटेल हाय, उंदरानं कुरतडली!"

काकूंनी खाली वाकून गंज नखाने खरवडला. खपली निघाली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हे जुनी हाये," त्या म्हणाल्या. "घे, सुधाकर."

"काकू, पण इंजिन..."

"बसून त पाह्य!"

मी ओट्यावरून टांग टाकून बसलो. डावा पाय ओट्यावर आरामात टेकला. गाडी कशी अंगाच्या मापाने शिवल्यासारखी वाटली. आणि तिथेच माझा घात झाला. मी गाडीची सगळी मापं वाचली होती. आपल्या पायांचं माप वाचलं नव्हतं. शिवाय सलीमभाईंनी भाव पहिल्या चकचकीत गाडीइतकाच लावला. "साब, जुनी चीज की कदर करनेवाले लोग कहाँ मिलते हैं आजकल?"

काकू एसटीने परत गेल्या आणि मी गाडीवर. रस्ता मोकळा होता तोवर मी सुखात होतो. पहिल्याच चौकात थांबायची वेळ आली. मी पाय खाली सोडला. सोडतच राहिलो. जमीन काही येईना! शेवटी गाडी माझ्यासकट सावकाश उजवीकडे कलली आणि एका केळीवाल्याच्या हातगाडीने आम्हा दोघांना सांभाळलं.

"काय भाऊ, केळं घेता का?" तो म्हणाला.

घेतली. इलाज काय?

तेव्हापासून मी फक्त जिथे ओटा असेल तिथेच थांबू लागलो. यवतमाळपर्यंत मला जिल्ह्यातल्या ओट्यांचा चांगला अभ्यास झाला. बोरीला पोचलो तर आमच्या ओट्यावर शेजारच्यांची तूर वाळत होती. मी चौकात गोल फिरत राहिलो. लोक कौतुकाने पाहू लागले. कोणी म्हणालं, "नवी गाडी दाखवून राह्यला!"

"जुनी हाये!" तोवर परतलेल्या काकू दारातून ओरडल्या. "आधी तूर उचला, नाईतर थो पेट्रोल सरेपर्यंत फिरन!"

दोन दिवसांनी सकाळी आई निघाली. मधल्या खोलीतून उठली, उंबरठा ओलांडला, ओट्यावर आली आणि तिथून एका बाजूला पाय सोडून मागे बसली, स्कूटरवर बाबांच्या मागे बसायची तशी. मांडीवर पिशवी. तिने पाणी प्यायला नकार दिला होता. (रस्ता लांबचा आणि पाय टेकवायचा नाही. कारण विचारू नये.)

"मधात उतरू नका वो बाई!" काकू ओरडल्या.

"तू आत जाय कुसुम, कढी उतू जाईन," आई म्हणाली. इतकं लांब वाक्य! मी गियर टाकायचं विसरलो.

दारव्हा गेलं, दिग्रस गेलं. आईचा हात माझ्या खांद्यावर होता. पुसदच्या अलीकडे एक बैलजोडी आमच्या पुढे निघून गेली.

"तुहे बाबा याच्याहून जोरात चालवत," आई म्हणाली.

"सांभाळून चालवतोय, आई."

"सांभाळून नाई. भेऊन राह्यला तू."

महागाव गेलं. फाटा आला. गिट्टीवर गाडीने जे केलं ते मी वाचलं होतं त्याप्रमाणेच होतं. फक्त पुस्तकात दात वाजत नाहीत. आणि मग नाला आला. पाणी फार नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, पाण्यात घाबरून वेग कमी करू नये. मी घाबरून वेग कमी केला. नाल्याच्या मधोमध गाडी एकदा खोकली, आणि बाबांच्या स्कूटरसारखी बंद पडली.

चाकं चिखलात रुतली म्हणून गाडी उभी राहिली, एवढंच आमचं नशीब. मी घोट्यापर्यंत पाण्यात उतरून हँडल धरलं. आई वर, देवीच्या मूर्तीसारखी.

"आई, उतर. धरतो मी."

"नाई."

"गाडी पडेल!"

"पडू दे. कुसुमले काय सांगू? नाल्यात उतरली म्हनून?"

"मग मी तुला उचलून नेऊ का?"

"पुस्तकाचा गठ्ठा त उचलत नाई तुह्याच्यानं!"

पलीकडे म्हशी चारणारा एक म्हातारा हे सगळं पाहत होता. त्याला मी मामाचं नाव ओरडून सांगितलं. तो टेकडीआड गेला. आम्ही दोघं नाल्यात. खाली मी, वर आई. एक म्हैस येऊन सायलेन्सर हुंगून गेली.

मग घुंगरं वाजली. मामा! स्वतः बंडी हाकत! त्याने बैल नाल्यात घातले, बंडी वळवली आणि मागची बाजू बरोबर गाडीच्या सीटला आणून लावली. आणि तेव्हा मला या गाडीचा पहिला आणि शेवटचा गुण कळला. तिची सीट अगदी बंडीच्या फळीच्या उंचीवर येत होती. आईने पिशवी आधी ठेवली, मग स्वतः सरकली. पायाला पाण्याचा थेंब लागला नाही.

"मामा, तुम्हाला तर गुडघ्यांमुळे चालता येत नव्हतं!"

"चालत कोठं हाव? बसून राह्यलो! बंडीले काय गुडघे लागतेत?"

"हे आधी सुचलं असतं तर..."

"आधी कोणी नाल्यापर्यंत आनलीच नाई बाईले."

आईने एकदा मामाकडे पाहिलं. भाऊ न्यायला आला होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत वर, चष्म्यावर चिखल, हातात गंजलेलं हँडल. आणि ती हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, मग पदर सोडून, बंडीच्या काठाला धरून. मामा हसला. म्हशीवाला हसला.

"हे पाह्यले तुहे बाबा पायजे होते," ती म्हणाली. मग डोळे पुसले, आणि माझ्या पँटकडे पाहून पुन्हा हसली.

गाडी बैलांनी ओढली. मी मागून ढकलली. अशी आमची अॅडव्हेंचर टूर मामाच्या दारात पोचली, आणि आईचा पाय थेट भावाच्या अंगणात टेकला. रात्री फोनवर काकूंनी उलटतपासणी घेतली आणि निर्दोष सोडलं.

आता बाबांचं वर्ष होऊन गेलं आहे. गाडी परत करायला मी सलीमभाईंना फोन केला. ते म्हणाले, "साब, इतनी पुरानी कौन लेगा?"

आई दर महिन्याला माहेरी जाते. दारव्ह्याला बस बदलते, पुसदला बदलते, सगळीकडे पाय टेकवते, आणि फाट्यावर मामा बंडी घेऊन येतो. गाडी ओट्याला लावलेली आहे. तिच्यावर आईच्या कुरडया वाळतात. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी पुस्तक घेऊन बसतो आणि कावळे हाकलतो.