सातव्या प्रयोगाचे शंभर ओहम

कुणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, की आजही माझं डोकं फिरतं. त्याला कारण आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. शेवटच्या वर्षाला ट्रान्समिशन लाइनचे प्रयोग होते आणि त्यातला सातवा मला मनापासून आवडायचा. लाइनच्या टोकाला एका बंद डबीत लोड, म्हणजे लाइनवरून येणारी वीज घेणारा भाग, असायचा. डबी उघडायची नाही. लाइनवरून डिटेक्टर सरकवत न्यायचा, व्होल्टेज कुठे चढतं नि कुठे पडतं ते मीटरवर बघायचं, आणि त्यावरून लोडचा इम्पीडन्स, म्हणजे तो विजेला किती ओहम अडवतो ते, हिशेबाने काढायचा. आमची लाइन पन्नास ओहमची. सर्वांत जास्त व्होल्टेज लोडपाशीच मिळत होतं, म्हणजे सर्वांत जास्त व्होल्टेज सर्वांत कमीच्या जितके पट, पन्नासच्या तितके पट लोड. न उघडता आतलं ओळखता येतं, याचं मला भारी अप्रूप होतं.

माझं उत्तर तीन पट आलं, म्हणजे दीडशे ओहम. बाकी सगळ्यांचं दोन पट, शंभर ओहम. त्यांचं तसं येणारच होतं, कारण आमच्याकडे प्रयोग करायची नाही, उतरवायची पद्धत होती. मागच्या बॅचचं जर्नल हॉस्टेलवर यायचं, त्यांनी ते त्यांच्या मागच्यांवरून उतरवलेलं असायचं. चौथं रीडिंग तर सगळ्यांच्याच जर्नलात खोडून पुन्हा लिहिलेलं होतं. कधीकाळची कुणाची तरी खाडाखोड, तीसुद्धा इमानेइतबारे उतरवलेली.

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दीडशे. सरांनी फक्त शेवटची ओळ पाहिली आणि जर्नल माझ्यापुढे सरकवलं. "सोमवारपर्यंत शंभर आण. नाहीतर सही नाही." सही नाही तर टर्म मंजूर नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही. माझं अख्खं वर्ष जाणार होतं.

शनिवारी एसटीने साताऱ्याला घरी आले. वडील फौजेतून निवृत्त झालेले, सिग्नलमध्ये होते. इम्पीडन्सचा हिशेब त्यांना येत नव्हता, पण तारा ओढण्यात आणि जोडण्यात उमर गेलेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीटर तीनदा त्येच सांगतोय न्हवं? मग लोड उघडून बघ की. चुकलं आसंल तर चुकलं म्हन. न्हाई चुकलं तर न्हाई म्हन. त्यात भ्यायचं काय?"

सोमवारी लॅब उघडल्या उघडल्या मी डबीचे चार स्क्रू काढले. आतल्या रेझिस्टरवर तपकिरी, हिरवा, तपकिरी असे पट्टे. दीडशेच. शंभरचा असता तर मधला पट्टा काळा असता. मला इतका आनंद झाला, की स्क्रू हातातून खाली पडला. लॅब सांभाळणाऱ्या मामांनी तो उचलून दिला. "आवं ताई, जुना कवाच जळला. हाताशी व्हता त्यो म्या लावला. सरास्नी ठावं हाय की."

सरांना ठाऊक होतं. मी डबी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तर आवाजही न चढवता म्हणाले, "तुझं एकटीचं दीडशे दिसलं तर बाहेरून आलेला परीक्षक सगळ्यांची जर्नलं तपासत बसेल. साठ मुलांचं नुकसान करणार आहेस का?" म्हणजे खोटं लिहिणारे बिचारे आणि खरं मोजणारी मी नुकसान करणारी. संताप संताप झाला माझा. तरी मी पेन उघडलं. नुसतं शंभर लिहून भागणार नव्हतं, रीडिंगंही जुळायला हवी होती. मग उत्तर आधी धरलं आणि उलट्या हिशेबाने एकेक व्होल्टेज बनवत गेले. शिकलेली विद्या पहिल्यांदा वापरली ती अशी. सही झाली. घरी वडिलांनी विचारलं, "दीडशेवरच केली न्हवं सही?" मी हो म्हटलं.

दोन वर्षांनी, मी साताऱ्याच्या एका कारखान्यात लागले होते तेव्हा, आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. तीही त्याच कॉलेजात शिकत होती. तिने पिशवीतून एक जर्नल काढलं. माझंच होतं.

"सर सगळ्यांना हेच उतरवायला देतात," ती म्हणाली. "अक्षर छान आहे म्हणून. पण ताई, सातव्या प्रयोगात तुमचं शंभर आहे आणि माझं दीडशेच येतंय. माझं कुठं चुकत असेल?"

वडील पलीकडे खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा सारखा केला आणि ते पान हातात घेऊन सावकाश पाहिलं. मग ते तिला परत दिलं.

"तुजं चुकत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "लोड उघडून बघ." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.