गुग्गुळाची उदबत्ती

गुग्गुळाचं झाड आपणहून डिंक देत नाही. सालीवर चिरे पाडतात, मग त्या जखमेतून तो ठिबकतो. फार चिरे पाडले तर झाड मरतं. दुकानदाराने हे कौतुकाने सांगितलं आणि मी दोन पुडे घेतले. मोगऱ्याच्या काड्या आप्पांच्या खोलीत हरायच्या. हा वास ठाण मांडून बसायचा.

आप्पा, माझे वडील, वर्षभर अंथरुणाला खिळले होते. पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या. पाहुणे येणार असले की मी अर्ध्या बटाट्यात उदबत्ती खोचून त्यांच्या उशाशी ठेवायचे. "किती प्रसन्न ठेवलीस गं खोली!" बायका म्हणत. वास आला की आप्पा हातानेच केस सारखे करत आणि विचारत, "कोण येतंय गं?"

एके दिवशी कोणीच येणार नव्हतं. मलाच त्यांचा वास सोसवेना, म्हणून लावली. आप्पांनी केस सारखे केले आणि दुपारभर दाराकडे पाहत राहिले.

"आलं नाही का गं कोणी?"

"येतील," मी म्हटलं.

आठवड्याने खरंच सगळे आले. उशाशी तीच उदबत्ती होती. केस मात्र मी सारखे केले.