‘हा कर’ म्हणणारी आक्का

“हा कर.”

आक्काने असं म्हटलं की समोरचा बाप्या, मग त्याच्या मिशा कितीही मोठ्या असोत, निमूट तोंड उघडायचा. आक्का नाक पुढे करून हुंगायची. दारूचा वास आला, किंवा तो लपवायला चघळलेल्या बडीशेपेचा आला, तर तिथेच भर रस्त्यात त्याचा उद्धार. नाही आला तर, “जा घरी, बायकू वाट बघती.” रहिमतपुरात आमच्या आळीतल्या बायकांनी दारूचा गुत्ता बंद पाडला तो या नाकाच्या जोरावर. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

तुमच्याही गावात अशी एखादी असेल. अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत. कुणाच्या घरचं भांडण मिटवलं की तिथे चहा व्हायचाच. “साखर सढळ टाक गं,” ती सांगायची. “लय कडू बोललीया मी आज.”

माझी रक्त तपासायची छोटी लॅब होती. आक्काला थकवा यायला लागला, उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, म्हणून डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी सुई टोचली तर म्हणाली, “आवं बाई, जरा रगत ठिवा की माज्या अंगात!”

तपासणीत लिव्हरचं एसजीपीटी चांगलंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, “लिव्हरला सूज आहे. दारू घेता का?”

आक्का खो खो हसली. सोबत शालन होती, ती हसली नाही. शालन म्हणजे आक्काचा उजवा हात. तिच्या नवऱ्याची दारू आक्कानेच सोडवली होती.

आठवड्याच्या आत ‘आक्का पिती’ असं आळीभर झालं. मारुतीच्या देवळात बायकांची बैठक बसली. मी उभी राहून स्वच्छ सांगितलं, “लिव्हर दुखावलंय एवढंच या रक्तावरून कळतं. कशाने, ते कळत नाही.”

“मग डाक्टर काय उगंच इचारतोय व्हय?” मागून आवाज आला.

शालन उठली, आक्कासमोर जाऊन उभी राहिली. “आक्का, हा करा.”

मला वाटलं, आता हिच्या कानाखाली बसणार. आक्काने शालनकडे पाहिलंच नाही. तिच्या मागे बसलेल्या एकेकीकडे पाहिलं. एकीने तरी ‘गप बस गं’ म्हणायचं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी म्हटलं नाही. आक्काने तोंड उघडलं.

“हा.”

शालनने हुंगलं आणि वळून सगळ्यांना सांगितलं, “बडीशेप खाल्लीया.”

पुढे साताऱ्याला मीच तिला सोनोग्राफीला नेलं. लिव्हरमध्ये चरबी साठली होती. दारूला न शिवणाऱ्यालाही हे होतं, वजन आणि साखर आवरा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, “चला, आता बायकांना सांगू.”

“कशाला? तोंड हुंगून झालं त्यांचं. आता प्वाटातली चरबी दावत फिरू व्हय?”

तिने चहा सोडला, बैठकाही सोडल्या. गुत्ता मागच्या दाराने पुन्हा सुरू झाला.

आक्का कायमची लेकीकडे आटपाडीला निघाली तेव्हा स्टँडवर पोचवायला मी एकटी होते. ती एसटीत खिडकीशी बसली होती. तेवढ्यात शालनचा नवरा झोकांड्या देत गाडीशी आला. आक्का दिसताच दचकला, होईल तितका ताठ उभा राहिला आणि त्याने सवयीने तोंड उघडलं.

“हा.”

आक्काने नाकाला पदर लावला आणि काच ओढून घेतली.